सगळं काढा, म्हटलं होतं

तो सिनेमा आता कुणालाही फोनवर बघता येतो. उन्हाळी शिबिराला आलेली ख्रिस्ती मुलं, त्यांचे रुसवेफुगवे, मधे मधे गाणी आणि शेवटी समुद्रावर सगळ्यांनी मिळून म्हटलेलं एक मोठं गाणं. भाट्याच्या सुरूच्या बनात आणि समोरच्या वाळूवर सगळा काढलाय. त्या शिबिराचा नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण माझ्या हातचं होतं, पण सिनेमात मी नाही. आमचे हे नाहीत. आमचा भाताचा टोपसुद्धा नाही. आम्हाला मीच काढायला लावलं.

ह्यांनी त्या वाळूवर गाणं म्हटलं होतं. आता हे गेले, आणि ते गाणं कुठेच उरलेलं नाही. चूक कुणाची, हे मी अजून ठरवतेय. घरातली माणसं म्हणतात, तुझी. मला तसं वाटत नाही. निदान सगळी माझी नाही.

हे लोट्याला एका कंपनीत शिफ्टला होते. कंपनी बंद झाली तेव्हा आमच्याकडे भाड्याची एक खोली आणि एक शेगडी होती. मी शिफ्टवाल्या पोरांचे डबे सुरू केले. पुढे रत्नागिरीत आलो, मांडवीला राहिलो, आणि डब्यांवरून बारशी, बारशांवरून लग्नं, लग्नांवरून शाळांच्या सहली नि शिबिरं अशी कामं वाढत गेली. कुणी हात दिला नाही. जे झालं ते माझ्या तोंडामुळे झालं, असं हे चारचौघांत सांगायचे, आणि ते कौतुक की टोमणा हे मला कधी कळलं नाही.

भाव करायला मी मिरकरवाड्याच्या बंदरावर शिकले. मासळीवाली बांगड्याचे वाटे लावून बसलेली असते. ती एक भाव सांगते. मी निम्म्याच्याही खाली मागते. ती माझ्या माहेरापर्यंत जाते, मी तिच्या बांगड्यांच्या डोळ्यांपर्यंत जाते. मग मी उठून चालायला लागते, आणि ती मागून ओरडते, "ये गो बाय, ने. तुझ्या तोंडी कोण लागेल?" यात दोनच नियम. हवं असेल त्याच्या दुप्पट मागायचं, कारण समोरचा तोडणारच. आणि मागून झालं की गप्प बसायचं. जो आधी बोलला तो हरला.

एकदा ह्यांना बरोबर नेलं आणि पस्तावले. कोळंबीवालीशी माझं भांडण रंगात आलेलं, ती आता उतरणार एवढ्यात हे मागून म्हणाले, "बरोबर सांगतेय गो ती. डिझेल केवढं महाग झालंय." ती बाई हसून ह्यांना म्हणाली, "दादा, रोज तुम्हीच येत जा. हिला घरी ठेवा." घरी आल्यावर ह्यांना शपथ घातली, की मी सौदा करत असेन तेव्हा तुम्ही तोंड उघडायचं नाही. काहीही झालं तरी. "नाय उघडणार," हे म्हणाले, आणि पुन्हा कधी उघडलं नाही.

शिबिर घेणारा माणूस मुंबईचा. मुलं त्याला ब्रदर म्हणत, म्हणून मीही ब्रदर म्हणायला लागले. उंच, हळू बोलणारा, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणारा. पहिल्या भेटीत मी त्याला माणशी दर सांगितला. त्यात तोडायला भरपूर जागा ठेवली होती. तो म्हणाला, "ठीक आहे, ताई." झालं. पुढे काही नाही. मी घरी आले ती चिडूनच.

"मागितलेलं मिळालं ना?" हे म्हणाले.

"हेच तर. मिळालं म्हणजे अजून मागायला हवं होतं."

"तुला मिळालं तरी दुखतं, नाय मिळालं तरी दुखतं," हे म्हणाले, आणि लसूण सोलत बसले.

ह्यांच्याकडे तेव्हा बसून करायची कामं होती. चार पायऱ्या चढल्या तरी दम लागायचा. डॉक्टर बदलले, औषधं बदलली, कशाने झालं ते कुणी नीट सांगितलं नाही. भाजी चिरायची, भांडी घासायची, मधे थांबायचं, पुन्हा घासायची. पण माझं लग्न झालं तेव्हा हे गावच्या जाखडीचे गायक होते. गणपतीत आमच्याकडे जाखडी होते. गाणारा आणि ढोलकीवाला मधे बसतात, आणि भोवती पोरं एका पायात घुंगरू बांधून गोल नाचतात. नवी नवरी म्हणून मी घरात मान खाली घालून वावरायचे. ह्यांचा चेहरा नीट बघितला तो जाखडीच्या गर्दीत, लांबून, कारण तिथे मला कुणी बघत नव्हतं. दम गेला तसं गाणं सुटलं. ज्या काळात हे गायचे त्या काळात आमच्या गावात कुणाच्या खिशात कॅमेरा नव्हता. ते गाणं टिपून ठेवावं हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

त्या वर्षी शिबिरातल्या मुलांनी सिनेमा करायचं ठरवलं. गोष्ट मुलांनीच रचली. एक मुलगा आईबापावर रागावून शिबिराला येतो, कुणाशी बोलत नाही, गात नाही, आणि शेवटी गातो. गाणी एका तरुण बाईंनी लिहिली होती, त्यांना सगळे दीदी म्हणत. कॅमेरा एका कॉलेजातल्या पोरीकडे होता. त्यांना सिनेमात एक तापट स्वयंपाकीण हवी होती.

"मावशी, तुम्ही काही करू नका," कॅमेरावाली म्हणाली. "आम्ही ताटात भात टाकून उठतो, तुम्ही फक्त ओरडा."

"भात टाकणार?"

"म्हणजे खोटं खोटं."

"खोटा भात कुठून आणणार? माझाच ना?" मी सुरू झाले, आणि ती पोर कधीपासून काढत होती ते मला कळलंच नाही. मुलं हसून हसून खाली बसली. मलाही हसू आलं. तेवढ्यापुरतं मला ते सगळं आवडत होतं, हे खरं.

शेवटचं गाणं वाळूवर काढायचं होतं. दुपार कलल्यावर आम्ही चहा आणि भजी घेऊन तिकडे गेलो. रिकामा टोप घेऊन हे पाण्याकडेला बसले आणि वाळूने घासायला लागले. मुलांचं गाणं काही केल्या बसत नव्हतं. ताल एका यंत्रातून येत होता, आणि मुलं कधी त्याच्या पुढे जायची, कधी मागे राहायची. दीदी थकल्या होत्या. तेवढ्यात सगळ्यांच्या लक्षात आलं की ताल दुसरीकडूनही येतोय. हे टोप घासता घासता पालथ्या टोपावर थापा मारत होते.

"काका, काय वाजवताय?" दीदींनी विचारलं.

"काय नाय. टोप घासतोय."

"असा घासतात?"

"काळा झालाय जरा," हे म्हणाले, आणि लाजले. इतक्या वर्षांत मी ह्यांना लाजताना बघितलं नव्हतं.

मुलांनी ह्यांना टोपासकट मधे आणून बसवलं. गाण्याची ओळ होती, 'वाट चुकली तरी हाक येते'. ह्यांनी ती दोनदा ऐकली, तोंडातल्या तोंडात घोळवली, आणि मग थांबले. ब्रदरना म्हणाले, "आमच्यात आधी गण होतो. गणपतीचं नाव घेतल्याशिवाय आम्ही गात नाय. तुमच्यात चालेल काय?"

मी म्हटलं, मोडलं इथेच. मुलंही ब्रदरकडे बघायला लागली. ब्रदर नेहमीसारखे थांबले, मग म्हणाले, "काका, तुमचा गण तुम्ही मनात म्हणा. आम्ही आमची प्रार्थना मनात म्हणतो. दोन्ही झालं की थाप मारा."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, पण मधेच उघडून बघितलं. ह्यांचे ओठ हलत होते. मग थाप पडली.

ह्यांनी तीच ओळ जाखडीच्या चालीत घेतली. पोरांना एक पाय आपटत गोल कसं फिरायचं ते बसल्या बसल्या हाताने दाखवलं. घुंगरू कुठून आणणार? एक दांडगा मुलगा माझ्याकडे धावत आला, "मावशी, चाव्या द्या." कोठीच्या खोलीच्या चाव्यांचा जुडगा मी कुणाच्या हातात देत नाही. त्या दिवशी दिला. त्याने तो उजव्या पायाला रुमालाने बांधला आणि नाचायला लागला. ह्यांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता. ओळ अर्ध्यात आली की दम संपायचा. पण ह्यांचा दम जिथे संपायचा तिथे पोरं ओळ उचलायची आणि ह्यांना श्वास घ्यायला वेळ द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. जाखडीत मागचे गायक असंच करतात, त्या पोरांना ते आपोआप जमलं.

मी चहाचा डाव हातात धरून उभी होते आणि रडत होते. भीती वाटत होती की आता दम कोंडेल, आणि गाणं थांबू नये असंही वाटत होतं. कॅमेरावालीने तेही काढलं. मला कळलं नाही.

शिबिर संपायच्या आदल्या दिवशी, जेवणं झाल्यावर, खिडक्यांना चादरी लावून त्यांनी सिनेमा दाखवला. अजून कच्चा होता, जोडायचं बाकी होतं. हे म्हणाले, "तुम्ही बसा. खरकटं वाळलं तर निघायचं नाय. मी नंतर बघतो." आणि मागे भांड्यांकडे गेले.

मी ओरडते ते आलं, सगळे हसले. गाणं आलं. हे आले. चाव्यांचा पाय आला. आणि मग पडदाभर माझा रडका चेहरा. त्यावर त्या रागावलेल्या मुलाचा आवाज, की त्या दिवशी देवाने आमच्या मावशींचंही मन बदललं. पुढच्या चित्रात मी हसत हसत भात वाढतेय. ते चित्र आदल्या आठवड्यात काढलेलं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

भाकऱ्या थापायला आमच्या गल्लीतली एक बाई माझ्याबरोबर येत असे. ती कानाशी येऊन म्हणाली, "वैनी, तुम्ही तर बाटलात की. आता रविवारी चर्चला जाणार, मग बांगडे कोण आणणार?"

ती गंमत करत होती. पण तीच गंमत गल्लीत, गावात, माझ्या दिरांच्या ओटीवर कशी होईल ते मला दिसलं. आणि त्याहूनही एक गोष्ट डोक्यात गेली. माझं रडणं माझं होतं. ते ह्यांच्यासाठी होतं. ते उचलून दुसऱ्याच्या नावावर लावायला मी कुणाला सांगितलं नव्हतं. देवाच्या नावावरसुद्धा नाही.

मी तशीच ब्रदरकडे गेले. कॅमेरावाली शेजारी संगणक घेऊन बसली होती.

"ते काढा," मी म्हटलं.

"कोणतं, ताई?"

इथे मी फक्त रडणं म्हणायला हवं होतं. पण मी आयुष्यात कधी हवं तेवढंच मागितलेलं नाही. हवं तेवढंच मागितलं तर त्याच्या निम्मं मिळतं. म्हणून म्हटलं, "सगळं. माझं, ह्यांचं, गाणं, भांडी, सगळं. आमचं एक चित्र राहता कामा नये. आणि माझ्यासमोर पुसायचं."

माझा हिशेब सरळ होता. तो म्हणेल, ताई, सगळं नको, गाणं चांगलं झालंय. मी म्हणेन, जमणार नाही. तो म्हणेल, रडणं काढतो, ते बोलणं काढतो, काकांना राहू द्या. मग मी थोडी कुरकुर करून हो म्हणेन. माझं बोलून झालं आणि मी गप्प बसले.

ब्रदरही गप्प बसले. मग म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं. तुमची इच्छा नसेल तर आम्हाला हक्क नाही." आणि त्या पोरीला म्हणाले, "सगळं पूस."

"ब्रदर, निदान काकांचं गाणं—"

"ताईंनी सगळं म्हटलंय."

ती पोर माझ्याकडे बघायला लागली. मी बोलू शकत होते. पण तो बोलेल, आता बोलेल, म्हणून मी वाट बघत राहिले. मागे दारात पावलं वाजली. हे ओले हात खांद्यावरच्या पंच्याला पुसत उभे होते, सिनेमा बघायला आले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि ओळखलं की सौदा चाललाय. तोंड उघडलं नाही. पोरीने डोळे पुसले आणि संगणकावर पुसलं. मग कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यातलंही पुसलं, आणि पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. रिकामा होता.

कुणीच आपला शब्द मोडला नाही. माझं गाऱ्हाणं आहे ते हेच.

दुसऱ्या दिवशी भांडी टेम्पोत भरून आम्ही परत निघालो. सकाळीच मुलांनी ते गाणं यंत्राच्या तालावर पुन्हा काढलं होतं. भाट्याच्या पुलावर आलो तेव्हा ह्यांनी घसरणारा टोप हाताने धरला. मग म्हणाले, "त्यांच्यात घासाघीस नसते वाटतं."

"तुम्ही तरी बोलायचं होतंत."

"शपथ कुणाची होती?"

मी खाडीकडे बघत बसले. हे म्हणाले, "मला एकदा बघायचं होतं गो. मी गाताना कसा दिसतो ते मला कुठे ठाऊक आहे? तुम्ही सगळ्यांनी बघितलंत. मीच तेवढा बघायचा राहिलो." रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर मी भांडले असते, आणि भांडण झालं की माझं मन हलकं होतं.

पाऊस सरल्यावर सिनेमा फोनवर आला. ह्यांनी तो बघितला, मुलांची नावं आठवून आठवून. "बरा केलाय," म्हणाले. थंडीत हे गेले.

दिवसकार्य आटपल्यावर मी ब्रदरना फोन केला. विचारलं, कुठे काही राहिलंय का. एखादा तुकडा, नुसता आवाज.

"ताई, तुमच्यासमोर पुसलं होतं."

"अहो, पण एखादं बाजूला ठेवायला काय झालं होतं? माणूस असं सगळं पुसतं का?"

मग ते म्हणाले, "तुम्ही सगळं म्हणाला होतात, ताई." आवाज रडवेला होता. मी फोन ठेवला. मला राग आला होताच, त्यात त्यांच्या रडवेल्या आवाजाचाही आला. मासळीवाली असती तर तिने मला चार शिव्या दिल्या असत्या आणि गाणं वाचवलं असतं.

माझ्या फोनमध्ये ह्यांचा एक निरोप आहे. लिहायचा कंटाळा म्हणून बोलून पाठवलेला. "येताना आमसुलं आण, संपलीत." मागे कुकरची शिट्टी आहे. एवढंच. गातानाचं काही नाही. सिनेमातलं गाणं मी बघते कधी कधी. मुलं एका ओळीत सरळ उभी आहेत, ताल यंत्राचा आहे, चाल दीदींची आहे. फक्त तो दांडगा मुलगा कडेला उभा आहे, आणि 'हाक येते' आलं की त्याचा उजवा पाय आपटतो. पायात चाव्या नाहीत. त्याच्या पायाला ते राहिलंय, बाकी कुणाकडे नाही.

यंदा ब्रदरचा पुन्हा फोन आला. मधली वर्षं त्यांनी दुसऱ्या कुणाला काम दिलं होतं, की मी रागावले असेन म्हणून विचारलं नव्हतं, ते मी विचारलं नाही.

"ताई, शिबिराचं जेवण कराल का?"

मी दर सांगितला. मुद्दाम भरमसाट सांगितला. कुठलाही शहाणा माणूस हसला असता.

"ठीक आहे, ताई," ते म्हणाले.

या वेळी मी गप्प बसले नाही. म्हटलं, "ठीक काय आहे? जास्त सांगितलाय मी. नाही म्हणा."

"पण तुम्हाला तेवढा लागत असेल तर—"

"लागत नाही. तुम्ही कमी सांगायचा, मग मी थोडी खाली येणार, मग तुम्ही थोडे वर. असं करतात."

"किती कमी सांगू?"

"ते मी कसं सांगणार, ब्रदर?"

त्यांनी विचार केला. त्यांच्या मागे कुणीतरी पेटीवर गाणं बसवत होतं, एकच ओळ पुन्हा पुन्हा. मग त्यांनी घाबरत घाबरत एक आकडा सांगितला. मी सांगितलेल्याच्या किंचितच खाली होता. हे असते तर लसूण सोलता सोलता हसले असते.

"आता?" ब्रदरनी विचारलं.

"आता थांबायचं," मी म्हटलं. "मी काहीही म्हटलं तरी लगेच हो म्हणायचं नाही."

ते थांबले. मीही फोन कानाला धरून थांबले.